‘ब्लेंडेड’ या शब्दाआड

सर,

तुमच्या शोकसभेत फोटोपुढे बाटली ठेवायची की नाही, यावरून कारखान्यात अर्धा तास खल झाला. जीएम साहेबांचं म्हणणं, "खांडवेजी की पूरी जिंदगी इसी में गई है, रखनी चाहिए." हार घेऊन आलेल्या पॅकिंगच्या बायका म्हणाल्या, उदबत्ती आणि दारू एका टेबलावर नको. शेवटी बाटली ठेवली, पण फुलांच्या परडीमागे, नुसती मान दिसेल अशी. तुम्ही असता तर पहिल्यांदा काय म्हणाला असता ते मला लगेच ऐकू आलं: "ती उदबत्ती विझवा आधी. तिच्यापायी काही कळत नाही." आणि मग आठवलं, की गेली सहा वर्षं हे वाक्य तुम्ही नुसतं सवयीनं म्हणत होता.

मला बोलायला उभं केलं. अकरा वर्षं तुमच्या हाताखाली काम केलेली, तुमची सहायक ब्लेंडर, मी नाही बोलणार तर कोण? मी तीन वाक्यं बोलले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, शुभदाला रडू आवरेना. रडू नव्हतं ते. बोलायचं होतं ते तिथे बोलता येत नव्हतं, आणि बोलता येण्यासारखं होतं ते खोटं होतं. म्हणून आता इथे, तुमच्याशीच बोलते.

तुम्हाला पहिला दिवस आठवतो का? मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून आलेली. आईनं इथे रायपुरात, शंकर नगरात सगळ्यांना सांगून ठेवलेलं, पोरगी फूड कंपनीत लागली. तुम्ही नाव, गाव, मार्क काही विचारलं नाही. प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर पाच ग्लास मांडलेत, प्रत्येकावर काचेची झाकणी, आणि विचारलंत, "ब्लेंडेड म्हणजे काय?"

"मिसळलेलं," मी म्हटलं.

"कशात काय मिसळलेलं?"

तुम्ही पहिले दोन ग्लास पुढे सरकवलेत. "स्कॉटलंडात ब्लेंडेड म्हटलं, की ही जवाच्या माल्टची व्हिस्की आणि ही दुसऱ्या धान्याची, वेगवेगळ्या भट्ट्यांमधली, एकत्र केलेली. पण त्यातला थेंब न थेंब व्हिस्कीच असते. लाकडी पिंपात कमीत कमी तीन वर्षं झोपलेली." मग तिसरा आणि चौथा. "अमेरिकेत तोच शब्द लावायचा, तर पाचातला एक भाग अस्सल असला तरी भागते. बाकी साधं स्पिरिट असू शकते."

"आणि आपल्याकडे?"

तुम्ही पाचवा ग्लास माझ्या हातात दिलात. पाण्यासारखा स्वच्छ. मी झाकणी उचलून हुंगलं. नाकात नुसती थंड टोचणी, वास असा काहीच नाही.

"हे मळीचं स्पिरिट. इतकं गाळलं, इतकं गाळलं, की त्याले स्वतःचं काही उरलं नाही. त्यात थोडा माल्ट, थोडी बाहेरून आलेली स्कॉच, रंगाले जळकी साखर. अन् वर लेबल: ब्लेंडेड व्हिस्की. युरोपात नेली तर हिले व्हिस्की म्हणू देत नाहीत."

"मग ही लबाडी झाली, सर."

"लबाडी काहून? कायद्यात बसते. शब्द एकच आहे, पोरी. त्याच्या आत काय भरायचं ते ज्यानं त्यानं ठरवलं."

आपला वाद तिथून सुरू झाला आणि अकरा वर्षं चालला. मी म्हणायची, लेबलवर सगळं लिहा. किती मळीचं, किती जवाचं, लोकांना कळू द्या. तुम्ही म्हणायचा, लोक लेबल वाचत नाहीत, वाचल्यासारखं करतात. मी सिंगल माल्टचं कौतुक करायची, की ते कसं शुद्ध, एकटं, बिनमिसळीचं. तुम्ही हसायचा. "सिंगल म्हणजे एका भट्टीची. एका पिंपाची नाही. त्यातही पन्नास पिंपं एकमेकांत ओततात. अन् बारा वर्षं लिहिलं असलं, तर त्यातला सगळ्यात लहान थेंब बाराचा असते. मोठे कितीही मोठे असू दे, त्यांचं वय कोणी सांगत नाही." मी चिडायची. तुम्ही चहा मागवायचा, आणि तो नोजिंग, म्हणजे नमुने हुंगणं, संपेपर्यंत मला पिऊ द्यायचा नाही.

तुमचे नियम! केसांना तेल नाही, गजरा नाही, सकाळच्या पोह्यात कांदा नाही. आई म्हणाली, हे फूड कंपनीचं कसलं सोवळं? आणि तुम्ही स्वतः घोटभरही पीत नव्हता. जिभेवर फिरवायचं आणि बेसिनमध्ये टाकायचं. शोकसभेत एकजण तुमच्या "रसिकतेबद्दल" बोलला तेव्हा मला हसू आलं. पुरानी बस्तीच्या घरातून डब्यात वरणफळं आणणारा, संध्याकाळी सातला जेवणारा माणूस.

आणि सदर बाजार. ते मी कुणाला सांगितलेलं नाही. एका सुटीच्या दिवशी तुम्ही मला तिथे बोलावलंत, भर गर्दीत, आणि म्हणालात, डोळे मिट.

"सर, गाडी येईल अंगावर."

"मी आहे ना. मिट."

माझ्या कोपराला धरून तुम्ही मला चालवलंत. चहूकडून स्कूटरचे हॉर्न, कुणीतरी "ओ दीदी, आँख खोल के चलो" म्हणून ओरडलं, आणि तुम्ही शांतपणे विचारत होता, आता कोणतं दुकान? कोऱ्या कापडाची खळ. मग आंबूस, धातूसारखा वास, सोनाराच्या भट्टीचा आणि तेजाबाचा. मग धणे. मग ओलं गोणपाट. मी एका ठिकाणी चुकले, दालचिनीला लवंग म्हटलं, तर तुम्ही मला पंधरा पावलं मागे नेलंत आणि पुन्हा चालवलंत. डोळे उघडले तेव्हा घामानं भिजलेल्या तुमच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की मला वाटलं, बापानं पोरीला सायकल शिकवल्यावर असाच दिसत असेल. माझे वडील मी लहान असतानाच गेले. तुम्हाला ते माहीत होतं. तुम्ही त्यावर कधी बोलला नाहीत, ते बरंच केलंत.

सर, हे सगळं मी आधी लिहून घेतलं, कारण यापुढचं लिहिताना मी तुमच्यावर रागावणार आहे.

साथीच्या वर्षी तुम्हाला ताप आला. वीस-बावीस दिवसांनी कामावर आलात, वाळलेले, पण आवाज तोच. मला वाटलं, निभावलं. त्यानंतर साधारण तीन महिन्यांनी टाकीचा एक नमुना आला. त्या आठवड्यात नवा पाइप बसवला होता, आणि नमुन्याला रबराचा असा भपकारा होता की झाकणी न उचलताही जाणवत होता. तुम्ही ग्लास उचललात, नेहमीसारखा तिरका धरलात, डोळे मिटलेत, आणि म्हणालात, "छान आहे. पुढे पाठव."

मी हसले. तुम्ही असले सापळे लावायचा; मुद्दाम बिघडलेला नमुना चांगला म्हणायचा आणि मी मान डोलावते का बघायचा. "सर, परीक्षा घेऊन राहिले काय माझी?"

तुम्ही हसला नाहीत. "तुले काय येऊन राहिलं?"

"रबर. सायकलच्या दुकानासारखं."

तुम्ही ग्लास पुन्हा नाकाशी नेलात. खूप वेळ धरलात. मग खाली ठेवलात आणि उठून दार लावलंत. तुमची पाठ माझ्याकडे होती. "तापापासून," तुम्ही म्हणालात. "काहीच नाही. गोड कळते, कडू कळते, जिभेले चटका कळतो. बाकी सगळं ते पाचव्या ग्लाससारखं."

लोकांचं परत आलं होतं, कुणाचं पंधरा दिवसांत, कुणाचं वर्षानं. तुमचंही येईल असं मी म्हटलं. तुम्ही मान डोलावून हव म्हणालात. मी तेव्हा डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, रायपुरात कोणत्याही दवाखान्यात गेलो तरी बाकावर ओळखीचं कोणी ना कोणी भेटते. "अन् हे बाहेर गेलं ना शुभदा, तर मी खांडवे नाही राहत. नुसता म्हातारा राहतो."

मग ती पेन्सिल. ठरवून असं काही झालं नाही, आपोआप झालं. साहेब लोक चाखायला बसले की मी तुमच्या डाव्या हाताला उभी. आधी मी हुंगायची, "सहायक म्हणून". पेन्सिल कागदावर टेकवलेली असली तर नमुना ठीक. कानामागे खोचली तर नापास. काय बिघडलं ते मी आदल्या दिवशीच हुंगून सांगून ठेवलेलं असायचं; समोरचा ग्लास त्यातला कोणता, ते पेन्सिल सांगायची. आणि मग तुम्ही बोलायचा. काय बोलायचा, सर! "याच्यात धूर थोडा पुढे येऊन राहिला, माल्ट दोन दिवस बसू द्या." माझंच वाक्य, पण तुमच्या तोंडून निघालं की जीएम साहेब डोळे मिटून मान हलवायचे. तेच मी म्हटलं असतं तर त्यांनी दुसरा रिपोर्ट मागवला असता. मला त्या खेळाची मजाही वाटायची, हे कबूल करते. पहिलं वर्षभर तरी.

त्यानंतर त्यांनी नवा, महाग ब्लेंड मागितला. चार महिने मी त्याच्यावर होते. माल्ट माझ्या नाकानं निवडलं, स्कॉच किती घालायची ते मी ठरवलं, एकदा सगळं ओतून दिलं आणि पहिल्यापासून केलं. तुम्ही शेजारी बसून जिभेवर घेऊन सांगायचा, "गोडी जास्त झाली. पाठीमागून कडू यायला पाहिजे." ते अगदी बरोबर असायचं. बाटली बाजारात गेली आणि चालली. साहेबांनी मिठाई वाटली. "खांडवेजी का मास्टरपीस." तुम्ही माझ्याकडे बघत म्हणालात, "शुभदानं फार मेहनत केली." साहेब म्हणाले, "हाँ हाँ, टीम तो आपकी अच्छी है."

प्रयोगशाळेत परत आल्यावर तुम्ही म्हणालात, "वेळ आली की मी तुझं नाव सांगीन."

मी म्हटलं, "सांगा."

तिसऱ्या वर्षी मला गोव्याहून बोलावणं आलं. अस्सल माल्टचा कारखाना. जव, पिंपं, समुद्राची दमट हवा, सगळं ज्याच्याबद्दल मी तुमच्याशी भांडायची. मी फोनवर मुलाखत दिली, मग जाऊन आले. तुम्हाला सांगितलं होतं मावसबहिणीचं लग्न आहे. तिथल्या गोदामात पिंपांच्या मधून चालताना मी डोळे मिटले होते, सर. कुणी कोपराला धरलेलं नव्हतं.

पत्र आलं तेव्हा तुमच्यासमोर ठेवलं. तुम्ही दोनदा वाचलंत. पहिल्यांदा म्हणालात, "चांगलं आहे. जवाचं काम आहे." मग चष्मा काढलात. "माझ्या रिटायरमेंटले दोन वर्षं आहेत. दोन वर्षं थांबशील?"

इतकंच. हात जोडले नाहीत, आवाज बदलला नाही. मी त्या रात्री जागले वगैरे नाही. जेवले आणि झोपले. सकाळी गोव्याला कळवलं की घरच्या अडचणीमुळे येता येत नाही. आई म्हणाली, काहून नाही म्हटलं? मी म्हटलं, दमट हवा मानवत नाही.

ती दोन वर्षं मी मोजून काढली. मला राग नव्हता. तुम्ही विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. त्यात काही फसवणूक नव्हती. पण दिवस अरुंद झाले. सर्दी झाली तर मला घाम फुटायचा, कारण माझं एकटीचं नाक नव्हतं ते. मी गर्दीच्या लग्नांना जाणं सोडलं. रजा घेणं सोडलं. तुम्ही दर सोमवारी विचारायचा, "बरी आहेस ना?" आणि मला कळायचं की तुम्ही नेमकं काय विचारताय. मग वाटायचं, असं वाटणं वाईट आहे, सर खरंच काळजीनं विचारत असतील. अजूनही ठरवता येत नाही.

आणि मग तुमचा निरोप समारंभ. खालचा हॉल, फुगे, शाल, श्रीफळ. मी गोव्याला पुन्हा विचारलं होतं. त्यांनी जागा आहे म्हणून सांगितलं होतं. माझ्या पर्समध्ये राजीनाम्याचा कागद तयार होता. साहेबांनी माइक घेतला आणि म्हणाले, "हम इनको कहाँ जाने देंगे? तीन साल और!" टाळ्या. तुम्ही शाल सावरत उठलात. माझ्याकडे बघितलंत, निमिषभर, आणि मान वळवून म्हणालात, "जैसी आपकी इच्छा."

नंतरचे चार महिने मी तुमच्याशी कामापुरतं बोलले. पेन्सिल मात्र रोज बरोबर जागी होती. एकदा तुम्ही डब्यातलं वरणफळ पुढे केलंत आणि मी म्हटलं, भूक नाही. तुम्ही म्हणालात, "शुभदा, एकदा बसून बोलू." मी म्हटलं, "बोला." तेवढ्यात टाकीवरून बोलावणं आलं. ते बोलणं राहिलं. नंतर राग बोथट झाला, आपण पुन्हा लेबलवरून भांडायला लागलो, आणि मला वाटलं, आता विषय काढला नाही तरी चालेल. गेल्या महिन्यात एका सकाळी तुम्ही कंपनीच्या बसमध्ये चढला नाहीत. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. मग तुमच्या घरून काकूंचा फोन आला.

तेराव्याला जीएम साहेब फळांची करंडी घेऊन तुमच्या घरी आले आणि काकूंच्या हातात एक कागद देऊन गेले. त्या ब्लेंडच्या लेबलवर तुमची सही छापायची आहे, खाली ओळ: एका नाकाची देणगी. घरच्यांची परवानगी हवी. काकूंनी दुसऱ्या दिवशी दुपारी मला बोलावून घेतलं.

स्वयंपाकघरात त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. कागद पोळपाटावर ठेवलेला. मला वाटलं, मराठीत समजावून सांगायचं असेल. मी वाचायला लागले.

"मले वाचता येते," काकू म्हणाल्या. "तू एक सांग. त्यांना वास येत होता का गं?"

मी कागदावरून मान वर केली नाही.

"नको सांगू. मले माहीत आहे. त्या तापाच्याच वर्षी. मी देवळातून आली, दारातच गॅसचा वास. आत पळत गेली तर बटन अर्धं उघडं, अन् हे इथे, या स्टुलावर, पेपर वाचत बसलेले. मले म्हणाले, आलीस? चहा ठेव."

"मग?"

"मग काय! बटन बंद केलं, खिडक्या उघडल्या. म्हणाली, गरम होऊन राहिलं. काडी ओढली असती तर आम्ही दोघंही तेव्हाच गेलो असतो. पण त्यांना नाही सांगितलं. त्यांचं तोंड पाहिलं अन् नाही सांगवलं." काकू पदरानं ओटा पुसत होत्या, तो स्वच्छच होता. "तेव्हापासून यांना घरात एकटं नाही सोडलं. बहीण नागपुरात बोलावून बोलावून थकली. भाचीच्या लग्नाले गेली नाही मी. सकाळी हे दारातून आत यायचे अन् म्हणायचे, वा, फोडणी काय सुंदर! मी म्हणायची, हव का? अन् कधी कधी फोडणी घातलेलीच नसायची."

आम्ही दोघी हसलो, सर. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, तुमच्या स्वयंपाकघरात, तोंडावर हात ठेवून. मग काकूंनी विचारलं, "ऑफिसात कोण सांभाळे? तूच ना?" आणि मी सगळं सांगितलं. पेन्सिल, ब्लेंड, गोवा, तीन वर्षं. त्यांनी मधे एकदाही "जाऊ दे" म्हटलं नाही. शेवटी म्हणाल्या, "एका घरात मी, एका ऑफिसात तू. अन् त्यांना वाटे, कोणालेच माहीत नाही. एकदा मले विचारलं असतं तर." मग कागद उचलला. "साहेबाले खरं सांगून ये. मग मी ठरवीन."

मी दुसऱ्या दिवशी गेले. तुमचं नाव राखून बोलायचं ठरवलं होतं, पण तसं बोलता येत नाही. एक सांगितलं की दुसरं आपोआप निघतं. साहेबांनी पूर्ण ऐकलं. मला पाण्याचा ग्लास दिला.

"बेटा, दुख में आदमी कुछ भी बोलता है. खांडवेजी की नाक पूरा छत्तीसगढ़ जानता है."

"सर, वो ब्लेंड मैंने बनाया है."

"उन्होंने सिखाया, तो उन्हीं का हुआ ना? पंद्रह दिन छुट्टी ले लो. फिर कुर्सी तुम्हारी है. बस, सर का टेस्ट बदलना नहीं चाहिए. एक बूँद नहीं."

पुरावा मागितला असता तर माझ्याकडे काय होतं? नमुन्यांच्या सगळ्या तक्त्यांवर तुमची सही आहे. पेन्सिल टेकवल्याची खूण कशावर राहते?

काकूंना मी फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी सही नाही करत. पण त्यानं तुझं काही होत नाही ना गं?" मी म्हटलं, नाही काकू. गेल्या रविवारी मी त्यांना नागपूरच्या गाडीत बसवून दिलं. महिनाभर राहणार आहेत. गाडी हलली तेव्हा त्या खिडकीतून काहीतरी म्हणाल्या, मला ऐकू आलं नाही. पण त्यांचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा मोकळा पाहिला नव्हता.

कंपनीनं सहीशिवायच वाट काढली. नव्या लेबलवर तुमचं नाव नाही, माझंही नाही. नुसतं "मास्टर ब्लेंडर की विरासत" असं येणार आहे. बाजूला बारीक अक्षरांत तोच आपला शब्द, ब्लेंडेड. मी पंधरा दिवस रजा घेतली नाही. तुमच्या खुर्चीवर बसते. रोज सकाळी माझाच ब्लेंड तुमचा म्हणून समोर येतो आणि तो कालच्यासारखाच आहे की नाही हे मला सांगायचं असतं. काही सुधारावंसं वाटलं तर सुधारता येत नाही. गोव्याची जागा भरली. दुसरीकडे अर्ज करीन, करायला हवा. कागद काढते, आणि "स्वतः केलेलं काम" या रकान्यापाशी थांबते. तिथे काय लिहू, सर?

तुमच्यावर रागावणार म्हटलं होतं, ते पुरतं जमलं नाही. मला वास घेता येतो तो तुमच्यामुळे. माणूस नसलेल्या खोलीत शिरले की आधी कोण बसून गेलं ते मला कळतं, पाऊस कोणत्या दिशेनं येतोय ते कळतं. हे तुम्ही दिलंत, आणि तुमचं स्वतःचं गेलं तेव्हा माझ्याकडे बघून एकदाही हळहळला नाहीत. मला जमलं नसतं.

फक्त त्या हॉलमधलं एक सांगायचं राहिलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मान वळवलीत. मी नाही म्हणीन असं तुम्हाला वाटलं. पहिल्यांदा विचारलं होतंत, दुसऱ्यांदा विचारायचं धैर्य झालं नाही. सर, मी नाही म्हटलं नसतं. तुम्ही विचारलं असतं तर पर्समधला कागद तिथेच फाडला असता आणि आणखी तीन वर्षं राहिले असते. दिवस तेवढेच गेले असते, पेन्सिल तीच राहिली असती. पण मी थांबलेली असते, सर. आता मी अडकलेली आहे.

तुमची,
शुभदा